विश्लेषण : पक्षाघातानंतर हाताला व्हिडीओ गेमच हवा, की घरचा कॅरमही चालेल?

पक्षाघातानंतर लुळा पडलेला हात पुन्हा कामाला लावायचा तर तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. अडचण अशी की, रिकामा हात वर-खाली करण्याचा कंटाळा दहाव्या वेळीच येतो. २००९ मधील एका निरीक्षणात रुग्ण एका सत्रात हाताची उपयोगी हालचाल सरासरी ३२ वेळाच करताना आढळले. खेळाचा फायदा इथेच. गुण मिळवायच्या नादात माणूस मोजणे विसरतो.

म्हणूनच पडद्यावरचे गेम उपचारात आले. पण त्यासाठी महागडे यंत्र हवेच का? २०१६ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंडमधील १४१ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांसोबत काहींना निन्टेन्डो वी दिले, बाकीच्यांना पत्ते, डॉमिनोज, बिंगो असे साधे खेळ. दोन आठवड्यांत तासाभराची दहा सत्रे झाली. हात दोन्ही गटांत सुधारला. गेमवाल्यांचा काही जास्त नाही.

‘गेम थेरपी’ची पॅकेजे विकताना ही गोष्ट रुग्णाच्या घरच्यांना सांगितली गेलीच पाहिजे. बोटे अजिबात हलत नसतील, तर स्ट्रायकर तरी कसा मारणार? तिथे फिजिओथेरपिस्टचा आधार लागतोच, क्वचित यंत्राचाही. पण थोडी हालचाल परतली असेल, तर माळ्यावरचा कॅरम खाली काढायला हरकत नाही. फक्त खांदा दुखत असल्यास आधी विचारावे आणि सोंगटी घालवायची ती अधू हातानेच. चांगला हात मध्येच पुढे येतो, त्याच्यावर घरच्यांनी लक्ष ठेवावे.