घरचें दप्तर : जन्मनोंदीची नक्कल

मुलाचा परदेशगमनाचा योग जुळून येतो, अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मुलीकडून कागदांची मागणी येते, किंवा घरांतील एखाद्या वृद्धेस आपलें वय सिद्ध करण्याचा प्रसंग पडतो. आणि मग घरांतील ट्रंका व कपाटें एकामागून एक उपसलीं जातात. पत्रिका सांपडते, शाळा सोडल्याचा दाखला सांपडतो, मुंजीच्या निमंत्रणाचा पिवळा पडलेला कागदही सांपडतो. सांपडत नाहीं तो नेमका जन्माचा दाखला.

अशा वेळीं घाबरून जाण्याचें कारण नाहीं. दाखला ही मूळ नोंदीची नक्कल होय. मूळ नोंद सरकारी वहींत असते. ती वही कोठें आहे आणि तिच्यांत आपण कोणत्या नांवानें व कोणत्या तारखेस आहों, एवढें ज्यास ठाऊक, त्यास नक्कल मिळविणें कठीण नाहीं. कठीण आहे तें हें ठाऊक असणें. कारण ही माहिती बहुधा कागदावर नसते. ती आजी, आत्या, मामा यांच्या स्मरणांत असते, आणि तीं माणसें घरांतून एकेक करून कमी होत आहेत.

प्रथम कायदा थोडक्यांत पाहूं. इंग्रजी अमदानींत १८८६ सालचा नोंदणीचा एक कायदा होता, परंतु त्याखालील नोंद ऐच्छिक होती. देशास लागू असा जन्म व मृत्यु नोंदणीचा कायदा १९६९ सालीं झाला व तो महाराष्ट्रांत १ एप्रिल १९७० पासून अमलांत आला. आजच्या नियमाप्रमाणें जन्माची खबर एकवीस दिवसांच्या आंत द्यावी लागते व खबर देणारास दाखला विनामूल्य मिळतो. पुढें केव्हांही शुल्क भरून नोंदीचा शोध करवितां येतो व सहीशिक्क्याची नक्कल मागतां येते; ती न्यायालयांतही पुरावा म्हणून ग्राह्य असते. २०२३ सालच्या दुरुस्तीनें या कागदाचें महत्त्व अधिकच वाढलें. १ ऑक्टोबर २०२३ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतींत शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन चालविण्याचा परवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी व पासपोर्ट या सर्वांस जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार. त्यापूर्वीं जन्मलेल्यांस पासपोर्टासारख्या कामीं शाळेचा दाखला वगैरे इतर कागदही चालतात; परदेशांतील कचेऱ्या मात्र बहुधा जन्मदाखलाच मागतात.

आतां वही कोठें शोधावी? येथेंच पुष्कळांची दिशा चुकते. नोंद होते ती जन्म झाला त्या ठिकाणीं. वडिलांच्या बिऱ्हाडाच्या गांवीं नव्हे. पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची आपली जुनी रीत. त्यामुळें ज्याचें घर, शाळा व कॉलेज सर्व पुण्यांत झालें, त्याची नोंद आजोळीं वाईस किंवा चिपळुणास निघण्याचा संभव असतो. असा मनुष्य पुण्याच्या महानगरपालिकेंत चार खेपा घालतो आणि ‘नोंद आढळत नाहीं’ हें उत्तर ऐकून कारकुनास दोष देतो. वास्तविक तें उत्तर अक्षरशः खरें असतें. तेव्हां प्रथम आईला विचारावें, आणि आई नसल्यास मामा-मावशींस.

गांव कळलें कीं त्याची आजची सरकारी जागा पाहावी. शहर असल्यास नगरपालिका किंवा महानगरपालिका, खेडें असल्यास ग्रामपंचायत. जिल्हेही बदललेले आहेत. १९८१ सालीं रत्नागिरींतून सिंधुदुर्ग निघाला व २०१४ सालीं ठाण्यांतून पालघर. शहरालगतचीं कित्येक खेडीं नगरपालिकांच्या हद्दींत गेलीं. १९७० पूर्वींच्या गांव-नोंदी कोतवालाच्या पुस्तकांत असत. तीं पुस्तकें आज ग्रामपंचायतींत नसल्यास तहसील कचेरींत चौकशी करावी. फार जुनें पान मोडींत असेल तर मोडी-जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावें लागतें. मराठवाड्यांतील निजामी दप्तर उर्दूंत व गोव्यांतील पोर्तुगीज अमदानींतील नोंदी पोर्तुगीजमध्यें, हेंही ध्यानांत असूं द्यावें.

दुसरा प्रश्न नांवाचा. खबर बहुधा बारशापूर्वींच दिली जाई; म्हणून जुन्या नोंदींत बाळाच्या नांवाची जागा कोरी असते. शोध वडिलांच्या व आईच्या नांवावरून करावा. आईचें माहेरचें व सासरचें अशीं दोन्ही नांवें अर्जांत द्यावींत, कारण खबर आजोबांनीं दिली असल्यास त्यांनीं लेकीचें कोणतें नांव सांगितलें असेल याचा नेम नाहीं. कोऱ्या जागीं मुलाचें नांव मागाहून घालतां येतें: वर्षाच्या आंत विनाशुल्क व पुढें पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. जुन्या नोंदींसाठीं वेळोवेळीं मुदतवाढही मिळत आली आहे, तेव्हां कचेरींत विचारून पाहावें.

तिसरा प्रश्न तारखेचा. शाळेंत घातलेली तारीख हीच खरी, असें धरून चालूं नये. प्रवेशासाठीं वय बसविण्याकरितां गुरुजींनीं जून महिन्यांतील एखादी तारीख लिहून टाकल्याचीं उदाहरणें घरोघरीं आहेत. येथें पत्रिका फार उपयोगी पडते. तींत शक व तिथि असते; शकांत अठ्ठ्याहत्तर मिळविले कीं इंग्रजी सन येतो, मात्र पौषापासून पुढें बहुधा एकोणऐंशीं मिळवावे लागतात. शिवाय आपला वार सूर्योदयास बदलतो व इंग्रजी तारीख मध्यरात्रीं. पहांटे तीन वाजतां झालेल्या जन्मास घरांत ‘सोमवारची रात्र’ म्हणतात. वहींत तो मंगळवार असतो. म्हणून दोन्ही तारखा पाहाव्यात. नोंदी जन्माच्या नव्हे तर नोंदणीच्या क्रमानें लिहिलेल्या असल्यामुळें पुढील कांहीं आठवड्यांचीं पानेंही चाळवावींत. डिसेंबर अखेरचा जन्म पुढील वर्षाच्या पुस्तकांत सांपडणें मुळींच अशक्य नाहीं.

एवढी तयारी झाल्यावर अर्ज करावा. जन्मतारीख, स्थळ, इस्पितळ असल्यास त्याचें नांव, आईबापांचीं पूर्ण नांवें व त्या वेळचा पत्ता अर्जांत स्पष्ट लिहावा आणि पोंच अवश्य घ्यावी. महाराष्ट्रांत २०१५ सालच्या लोकसेवा हक्काच्या कायद्यानें ठराविक मुदतींत सेवा मिळण्याचा अधिकार नागरिकांस दिला असून, विलंब वा नकार झाल्यास अपील करतां येतें. दलालाच्या हातीं पैसे ठेवून ‘घरपोंच दाखला’ मागणें हें मात्र कोणीही करूं नये. वहींत नोंदच नसेल तर तो कागद खोटा; आणि तो खोटा असल्याचें कळतें तें मुलगा परक्या देशाच्या खिडकीपुढें उभा असतांना.

शोधूनही नोंद मिळाली नाहीं तर? तसा लेखी दाखला मागावा. नोंद उपलब्ध नसल्याचें प्रमाणपत्र देण्याची नियमांतच तरतूद आहे. अमेरिकेच्या स्थलांतर-खात्यापुढें असें प्रमाणपत्र, शाळेचा दाखला व जन्माची प्रत्यक्ष माहिती असणाऱ्या वडील नातलगांचीं प्रतिज्ञापत्रें एकत्र ठेवतां येतात. नव्यानें नोंद करावयाची झाल्यास, वर्ष उलटून गेलेलें असेल तर, जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्या कामीं अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. ते पुरावा तपासून तो देतात.

नोंदींत चूक आढळल्यास पुराव्यानिशीं दुरुस्ती होते. कायद्याची रीत मोठी मार्मिक आहे: मूळ अक्षर खोडावयाचें नाहीं, समासांत दुरुस्ती लिहून अधिकाऱ्यानें सही व तारीख घालावयाची. लग्नानंतर बदललेलें नांव ही मात्र चूक नव्हे. जन्मनोंदींत मुलगी माहेरच्याच नांवानें राहते. सासरचें नांव जोडण्यास विवाहनोंदणीचा दाखला किंवा राजपत्रांतील प्रसिद्धि सोबत द्यावी.

परदेशीं द्यावयाच्या नक्कलेविषयीं दोन शब्द. १९६१ च्या हेग करारांत भारत २००५ सालीं सामील झाला. त्या करारांतील देशांसाठीं राज्य शासनाच्या प्रमाणनानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा ‘अपॉस्टिल’ घ्यावा लागतो. कोणत्या देशास तो हवा व कोणास नको हें आधीं विचारून घ्यावें. दाखल्यावर प्लॅस्टिकचें आवरण चढवूं नये. त्यावर पुढें शिक्के उमटावयाचे असतात. नकला दोन-तीन घ्याव्यात व एक घरांतून कधींच बाहेर जाऊं देऊं नये.

शेवटीं गृहिणींस एक विनंति. घरांत वडील माणसें असतील तर येत्या सणावारीं सर्व एकत्र जमतील तेव्हां एक वही काढावी. प्रत्येकाचा जन्म कोणत्या गांवीं, कोणाच्या घरीं वा कोणत्या इस्पितळांत झाला, त्या वेळीं आईचें नांव काय लावीत, तिथि कोणती, खबर कोणीं दिली असावी, हें सर्व विचारून लिहून ठेवावें. आजीच्या स्वतःच्या जन्माचेंही एक पान असावें. तिचें माहेरचें नांव घरांतील नातवंडांस ठाऊक नसतें, हा अनुभव विरळा नाहीं. सरकारी वही शंभर वर्षें टिकते, तिची नक्कल मागतां येते. पण त्या वहीचा पत्ता सांगणारें माणूस एकदां गेलें म्हणजे त्याची नक्कल कोणत्याही कचेरींत मिळत नाहीं.