आधी हक्काचं, मग नव्याचं

केबिनमध्ये बोलावून घेतात. समोर टाइप केलेला कागद असतो. "राजीनामा देऊन टाका, दोन पगार जास्तीचे देतो. उगाच रेकॉर्ड कशाला खराब करून घेता?" बाहेर आणखी दहा जण रांगेत उभे असतात. माणूस गांगरतो आणि सही करून मोकळा होतो.

चाकण असो, वाळूज असो की बुटीबोरी, कामावरून कमी होण्याची वेळ आली तर माझं पहिलं सांगणं एवढंच: त्या दिवशी सही करू नका. "घरी दाखवतो, उद्या आणतो" म्हणा आणि उठा. राजीनामा दिला की नोकरी तुम्ही सोडली असं होतं. कपात झाली की नोकरीवरून तुम्हाला काढलं असं होतं. पुढचे सगळे हक्क या एका फरकावर उभे असतात.

सलग वर्षभर काम केलेल्या कामगाराची कपात करायची तर किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. व्यवस्थापकाच्या पदावर असलेल्यांना हे लागू नाही, पण मशीनवर उभं राहणाऱ्याला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत आणखी एक तरतूद आहे. कपात झालेल्या कामगाराला नवं काम शिकता यावं म्हणून मालकानं पंधरा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या निधीत भरायची आणि ती कपातीपासून 45 दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हायची. राजीनामा लिहून दिलात तर यातलं काहीच मागता येत नाही.

ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी मिळते, पाच वर्षं भरलेली असली की. हिशेब घरीच करून बघा. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा महिन्याचा पगार 15,600 असेल तर 26 नं भागा, 600 आले. त्याला पंधरानं गुणा, 9,000. नोकरी बारा वर्षांची असेल तर 1,08,000 रुपये. ही रक्कम 30 दिवसांत मिळायला हवी. उशीर झाला तर व्याज द्यावं लागतं, आणि दादच लागत नसेल तर अर्ज कुठं करायचा ते कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारा.

पगारातून ईएसआयसी कापली जात असेल तर शाखा कार्यालयात 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' असं नाव घेऊन विचारा. अटीत बसलात तर सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त 90 दिवसांपर्यंत मिळते. आयुष्यात एकदाच मिळते, आणि योजनेला वेळोवेळी मुदतवाढ दिली जाते, म्हणून सध्याची मुदतही विचारून घ्या.

आणि पीएफ, म्हणजे फंड? घाईनं सगळा काढू नका. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. जुन्या नोकरीची आठ वर्षं पुढच्या नोकरीला जोडली तर पेन्शन बसते. पैसे काढून घेतले की ती आठ वर्षं गेली.

आता दुसऱ्या घराकडे वळू. तिथंही रोजगारच गेलेला असतो, फक्त त्याला कुणी तसं म्हणत नाही. वीस वर्षं घर सांभाळलेल्या बाईचा नवरा जातो, किंवा टाकून देतो. दिवसकार्य होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. नंतर दीर म्हणतो, "वहिनी, तुम्ही काळजी करू नका, कागदपत्रं माझ्याकडे द्या."

ताई, कागदपत्रं देऊ नका. झेरॉक्स द्या. मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवा आणि नवऱ्याचं पासबुक घेऊन बँकेत जाऊन बसा. वर्षातून एकदा 436 रुपये कापलेले दिसले तर तो जीवन ज्योती विमा आहे, दोन लाखांचा. 20 रुपये कापलेले दिसले तर तो अपघाताचा विमा आहे, अपघाती मृत्यूला तोही दोन लाखांचा. कितीतरी घरांत या नोंदी कुणी वाचतच नाही.

नवऱ्याचा फंड कापला जात असेल आणि तो नोकरीत असतानाच गेला असेल, तर त्याची एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवा पेन्शन मिळते, महिन्याला किमान 1,000 रुपये. त्याशिवाय फंडाला जोडलेला विमा असतो, सात लाखांपर्यंतचा. घर दारिद्र्यरेषेखालचं असेल आणि कमावता माणूस साठीच्या आत गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी 20,000 रुपये मिळतात. त्यासाठी तहसील कार्यालयात जायचं. संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही तिथंच विचारा.

नवऱ्यानं टाकलेलं असेल तर पोटगी मागता येते. नांदत्या घरातून तुम्हाला असं परस्पर बाहेर काढता येत नाही. वकिलाच्या फीची भीती बाळगू नका. महिला आणि औद्योगिक कामगार या दोघांनाही, उत्पन्न कितीही असलं तरी, सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या कायद्यानं दिलेला आहे. तालुका कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय विचारा, किंवा 15100 वर फोन करा.

हे सगळं झाल्यावर मग प्रशिक्षण. हा क्रम उलटा करू नका. ग्रॅच्युइटीचे लाखभर रुपये महागड्या 'शंभर टक्के जॉब गॅरंटी' कोर्समध्ये घालणारे लोक मी पाहिलेत. घरबसल्या कामासाठी डिपॉझिट मागणाऱ्यांकडे तर फिरकूही नका.

शिकायला फुकटच्या, चांगल्या जागा आहेत. खेड्यातल्यांसाठी जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. तिथं राहणं-जेवणही फुकट. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी बऱ्याच जिल्ह्यांत जन शिक्षण संस्थान आहे. पूर्वीचं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र झालंय, तिथं नाव नोंदवा. पंधरा वर्षं वेल्डिंग केलं, पण हातात सर्टिफिकेट नाही, अशांची परीक्षा घेऊन अनुभवाला प्रमाणपत्र देण्याची सोय आहे का, तेही याच केंद्रात विचारा. वयाची अट बहुतेक ठिकाणी असते, तीही आधीच विचारा.

कुठल्याही कोर्सला नाव घालण्याआधी एकच प्रश्न विचारा: मागच्या बॅचमधले लोक आज काय करतात? त्यांच्यातल्या दोघांना भेटा. एकाच गावात शिवणकाम आणि ब्यूटी पार्लरचे वर्ग दरवर्षी भरत राहिले, तर गिऱ्हाइकं तेवढीच राहतात आणि पार्लरं वाढतात. त्याच गावात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला मात्र शिकलेली बाई मिळत नाही.

आणि कधी कधी अडचण शिकण्याची नसतेच. 1975 साली प्रेमा पुरव यांनी मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. गिरणी कामगारांना रोज जेवू घालणाऱ्या त्या बायकांना स्वयंपाक काय शिकवायचा होता? त्यांची मान सावकाराच्या व्याजात अडकली होती. त्यांना बँकेच्या दारापर्यंत नेणारं कुणीतरी हवं होतं. कोर्स निवडण्याआधी तुमचीही खरी अडचण तपासा: शिक्षण, भांडवल, की तान्ह्या पोराला सांभाळणारं कुणी नाही ही?

शेवटचं सांगणं, ज्यांचं बरं चाललंय त्यांना. तुमच्या आळीत अशी एक बाई असेल, सकाळी डबा घेऊन निघणारा आणि कुठंच न जाणारा एक माणूस असेल. "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, ते सांगणार नाहीत. "मंगळवारी मला तहसीलला जायचंय, येता का बरोबर?" असं विचारा. खिडकीवरून एकदा परत पाठवलेला माणूस सहसा दुसऱ्यांदा एकटा जात नाही. म्हणून त्या दुसऱ्या खेपेला तुम्ही बरोबर जा.