छडी गेली, मग शिस्त कशी लावायची? धार्मिक संस्थांच्या शाळांपुढचा प्रश्न

शाळेत मुलांना मारायला बंदी आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं. पण हा कायदा प्रत्येक शाळेला लागू नाही.

कोणत्या शाळा बाहेर आहेत?

2012च्या दुरुस्तीनं मदरसे, वैदिक पाठशाळा आणि प्रामुख्यानं धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था वगळल्या. 2014 मध्ये 'प्रमती' खटल्यात सुप्रीम कोर्टानं अल्पसंख्याक संस्थांच्या शाळाही कायद्याबाहेर ठेवल्या, मग त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित. सप्टेंबर 2025 मध्ये टीईटीच्या खटल्यात दोन न्यायमूर्तींनी याच निकालावर शंका घेतली आणि हा मुद्दा मोठ्या पीठापुढे जावा, असं म्हटलं.

याचा अर्थ तिथं मारायची मुभा आहे, असा नाही. ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणं बाल न्याय कायद्यानुसार गुन्हाच आहे.

मारायचं नाही, मग काय करायचं?

एक पर्याय म्हणजे 'रिस्टोरेटिव्ह डिसिप्लिन', म्हणजेच बिघडलेलं नातं सांधणारी शिस्त. या विचाराची एक सुरुवात 1974 मध्ये कॅनडातल्या एल्मायरा गावात झाली. दोन तरुणांनी 22 ठिकाणी तोडफोड केली होती. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या एका प्रोबेशन अधिकाऱ्यानं त्यांना नुकसान झालेल्यांच्या दारात नेलं आणि पुढे त्यांनी भरपाईही दिली.

शाळेत यासाठी तीन प्रश्न पुरतात: काय घडलं? कुणाला त्रास झाला? तो भरून कसा काढायचा?

पण याची उत्तरं द्यायला स्वतःचा राग ओळखता यावा लागतो, समोरच्याचं दुःख समजावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा जीवनकौशल्यांत नेमकं हेच आहे. त्यामुळे आधी ही कौशल्यं शिकवावी लागतात.

धोका कुठे आहे?

क्षमा, करुणा हे शब्द धार्मिक संस्थांच्या शाळांना नवे नाहीत. ही त्यांची जमेची बाजू, आणि अडचणही तीच. 'देव क्षमा करतो, तूही कर' असं म्हटलं की दुखावलेल्या मुलाचंच तोंड बंद होतं. माफ करायचं की नाही, हे त्या मुलानं ठरवायचं.

लैंगिक अत्याचाराची तक्रार तर अशा बैठकीत मिटवताच येत नाही. पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

पालकांनी म्हणूनच शाळेला एवढं जरूर विचारावं: चूक शिक्षकाची असेल, तर तेही या बैठकीत बसतात का?