लॉजिक प्रो आणि स्वतंत्र प्लगिन-निर्माते

लॉजिक प्रो हे ॲपल कंपनीचे ध्वनिमुद्रण व संगीतसंयोजनाचे सॉफ्टवेअर असून ते केवळ तिच्याच उपकरणांवर चालते. अशा सॉफ्टवेअरला जोडल्या जाणाऱ्या पूरक आज्ञावलींना प्लगिन म्हणतात. ध्वनीला घुमारा देणे, त्याचा पोत बदलणे, वाद्यांचे स्वर निर्माण करणे ही त्यांची कामे होत. लॉजिकची किंमत उतरत गेली आणि त्यातील अंगभूत प्लगिनांची संख्या वाढत गेली, तसे प्लगिन बनवून विकणाऱ्या स्वतंत्र निर्मात्यांच्या व्यवसायाचे स्वरूप पालटले.

किंमत आणि समावेश

हे सॉफ्टवेअर मूळचे इमॅजिक या जर्मन कंपनीचे. ॲपलने ती कंपनी जुलै २००२ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी विंडोजवरील आवृत्ती बंद केली. इमॅजिक आपली अनेक वाद्ये व परिणामक स्वतंत्रपणे विकत असे. २००४ मध्ये अशी वीसहून अधिक उत्पादने एकाच संचात आली. संचाची किंमत ९९९ डॉलर होती. २००७ मध्ये ती ४९९ डॉलरवर आणि २०११ च्या अखेरीस सुमारे २०० डॉलरवर आली. ॲपलचे मुख्य उत्पन्न उपकरणांच्या विक्रीतून येते. त्यामुळे लॉजिकची किंमत त्याच्या निर्मितीखर्चाशी बांधलेली राहिली नाही, आणि ही सवलत केवळ प्लगिनांवर जगणाऱ्या कंपनीला उपलब्ध नसते.

कॅमल ऑडिओ या कंपनीचे ‘अल्केमी’ हे संश्लेषक-वाद्य पूर्वी स्वतंत्रपणे विकले जाई. २०१५ मध्ये ॲपलने ती कंपनी घेतल्यावर ते लॉजिकमध्ये जादा मूल्य न आकारता समाविष्ट झाले. विंडोजवरील वापरकर्त्यांसाठी मात्र त्याची विक्री थांबली. मे २०२४ मधील आवृत्तीत मिश्रित ध्वनीतून गायन व वाद्ये वेगळी करण्याची सोय आली. त्या कामासाठी इतरांची स्वतंत्र उत्पादने आधीपासून बाजारात होती.

निर्मात्यांवरील परिणाम

सर्वाधिक झळ बसते ती सर्वसाधारण कामाच्या प्लगिनांना, कारण अंगभूत साधन पुरेसे चांगले असले की दुसरे घेण्याचे कारण उरत नाही. उलट बाजूही आहे: स्वस्त लॉजिकमुळे संगीत करणारे वाढले, आणि वेगळा नाद देणाऱ्या निर्मात्यांना त्यांतूनच ग्राहक मिळतात. व्हॅल्हाला डीएसपी ही छोटी अमेरिकी कंपनी आपली बहुतेक प्लगिन ५० डॉलर या स्थिर दराने विकते आणि सवलतींच्या हंगामात उतरत नाही.

खरी अडचण विक्रीनंतरच्या खर्चाची आहे. ॲपलने २०१९ मध्ये ३२-बिट आज्ञावलींचा आधार काढला आणि २०२० पासून संगणकांत स्वतःचे प्रोसेसर बसवले. दोन्ही वेळा निर्मात्यांना जुनी प्लगिन नव्याने घडवावी लागली. ज्याने ती एकदाच, तीही सवलतीत, घेतली त्याच्याकडून या श्रमाचे मोल येत नाही. वर्गणीचा मार्ग त्यातूनच पुढे आला. इस्रायलमधील वेव्ह्ज ऑडिओने मार्च २०२३ मध्ये कायमस्वरूपी परवाने बंद करून केवळ वर्गणी ठेवण्याचे जाहीर केले. वर्षानुवर्षे तीसेक डॉलरच्या सवलतींची सवय झालेल्या ग्राहकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली आणि काही दिवसांतच कंपनीला कायमस्वरूपी परवाने परत आणावे लागले.