थीब्ज पायी पाहावे

लक्सरला जाऊन आलेल्या माणसाला "काय पाहिलेत?" असे विचारावे, तर तो थडग्यांची आणि देवळांची नावे सांगतो. दोन स्थळांच्या मध्ये काय होते हे त्याला ठाऊक नसते. कारण तेव्हा तो वातानुकूलित बसमध्ये पडदा ओढून बसलेला असतो. नाईलच्या पश्चिम तीरावर प्राचीन थीब्जचे अवशेष मैलोगणती विखुरलेले आहेत. त्यांच्यामधले अंतर हाही त्या अवशेषांचाच भाग आहे, असे माझे मत आहे.

गेल्या हिवाळ्यात मी तेथे दोन दिवस भाड्याच्या सायकलीवर हिंडलो. गावकऱ्यांच्याच फेरीबोटीने नदी ओलांडली. प्रथम उसाची शेते, मग मेम्नॉनचे दोन प्रचंड पुतळे, आणि थोड्याच अंतरावर हिरवे संपून एकदम वाळवंट! पिकाऊ जमीन सोडून देवळे नेमकी तिच्या कडेला का बांधली, हे सायकल चालवताना आपोआप कळते.

देर अल-मदीना हे राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचे गाव. ते डोंगर चढून राजांच्या दरीत कामाला जात. आठ दिवस काम, मग घरी विश्रांती, मधल्या रात्री खिंडीतल्या दगडी झोपड्यांत. आजचा गाडीरस्ता डोंगराला मोठा वळसा घालतो, त्यांची वाट माथ्यावरून जाते. तिसऱ्या रॅमसीझच्या २९व्या वर्षी, इ.स.पूर्व ११५७च्या सुमारास, शिधा थकला तेव्हा या लोकांनी काम टाकले आणि चालत जाऊन राजांच्या स्मृतिमंदिरांपाशी ठाण मांडले. इतिहासात नोंदलेला हा पहिला संप मानतात. वर्गात तो दोन ओळींत संपतो. गावाच्या भिंतीपासून रॅमसीअमपर्यंतची वाट काही फार लांब नाही. पण उन्हात, रिकाम्या पोटी ती कशी वाटली असेल, हे तेथे चालल्यावाचून उमगायचे नाही.

कोणी म्हणेल, वृद्धांनी काय करावे? त्यांनी दिवसभराची टॅक्सी खुशाल ठरवावी. राजांच्या दरीत तर विजेवरच्या गाड्याही आहेत. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा सायकलचा हट्ट कोणीच धरू नये. पण विशीतल्या धडधाकट मुलामुलींनी गाईडच्या शिटीसरशी बसमध्ये चढावे-उतरावे, हे मला मुळीच पटत नाही. टोपी आणि भरपूर पाणी एवढीच तयारी लागते. पहाटे निघालात, तर बसगाड्यांचा तांडा येण्यापूर्वी तुम्ही हत्शेप्सुतच्या देवळाच्या दाराशी असता.