वेगळे ताट पुन्हा घरात नको

भारतातील स्त्रियांमध्ये आज सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर स्तनाचा आहे. 2022 या एका वर्षात देशात सुमारे 1 लाख 92 हजार नव्या रुग्णांची भर पडल्याचा अंदाज आहे. यात आमच्या वस्त्यांतील भगिनी नाहीत काय? आहेत, आणि त्याच सर्वांत उशिरा दवाखान्याची पायरी चढतात. गाठ दुखत नाही म्हणून, लाज वाटते म्हणून, दिवसाची मजुरी बुडेल म्हणून. पण आज आम्हाला लिहायचे आहे ते निदान झाल्यानंतरच्या घराविषयी.

केमोथेरपी म्हणजे एक सलाईन लावून मोकळे होणे नव्हे. बहुधा 21 दिवसांच्या अंतराने, चार, सहा किंवा आठ वेळा ती घ्यावी लागते. काही औषधे दर आठवड्याला असतात. त्यांतले एक औषध लालभडक असते आणि नंतर एक-दोन दिवस लघवीही लाल होते. ते रक्त नव्हे, हे आधी कोणी सांगितले नसेल तर घरात रडारड सुरू होते. पहिले काही दिवस मळमळ, मग तोंड येणे, अंगात त्राण नसणे. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या काळात ताप 100.4 अंशांवर गेला तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये, मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठावा. त्यासाठी घरात थर्मामीटर हवा आणि तो लावून पाहणारे जागे माणूस हवे.

हे माणूस कोण? आमच्याकडे ते बहुतेक वेळा थोरली मुलगी असते, शाळा बुडवून! बाप कुठे असतो? सभेत स्त्रीमुक्तीवर तासभर बोलणारे आमचे कार्यकर्ते घरी येऊन ‘भाकरी झाली का?’ असे सलाईन घेऊन आलेल्या बायकोलाच विचारतात. आम्ही स्पष्ट लिहितो, राग आला तरी चालेल. आधार म्हणजे डोक्यावरून हात फिरवणे नव्हे. पाणी उकळून ठेवणे, ताजी पेज, मऊ भात, नीट उकडलेले अंडे थोडे थोडे करून खाऊ घालणे, भांडी घासणे, तपासणीचे कागद सांभाळणे, हा आधार. चूल पुरुषाने पेटवली तर बिघडते काय?

याहून वाईट गोष्ट वेगळीच आहे. कॅन्सर लागतो या समजुतीने काही घरांत रुग्णाचे ताट-तांब्या वेगळा केला जातो. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या वेगळा पाणवठा सोसला, त्याच्याच घरात आईचा विटाळ? कॅन्सर स्पर्शाने होत नाही, उष्ट्यानेही नाही. केमोनंतर साधारण दोन दिवस तिची उलटी वा लघवी साफ करताना हातमोजे घालावेत. ती औषधाच्या अंशामुळे घेतलेली काळजी आहे. उलट खोकला-सर्दी झालेल्याने तिच्यापासून दूर राहावे, कारण धोका तिला आहे.

केसांचेही तसेच. दोन-तीन आठवड्यांत ते झडू लागतात, उपचार संपल्यावर पुन्हा येतात. पण डोक्यावर केस नसलेली बाई दिसली की शेजारणी कुजबुजतात, ती दारात येईनाशी होते. विधवांच्या केशवपनाविरुद्ध 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत नाभिकांचा संप घडवून आणला. त्या काळी बाईच्या डोक्यावरचे केस बळजबरीने काढून तिला अशुभ ठरवत. आज औषधाने गेलेल्या केसांसाठी आपण तिला तसेच ठरवायचे?

पैशाचा प्रश्न खरा आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत केमोथेरपीचा समावेश आहे आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. रेशनकार्ड, आधार घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला आधी भेटावे, सावकाराला नंतर. उपचारासाठी जाताना रेल्वेत रुग्णाला व सोबत्याला भाड्यात सवलत आहे. तरी परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर दूरच्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे फुटपाथवर दिवस काढताना दिसतात. खोली, जेवण, बुडालेली मजुरी यांचा भार बहुधा कुटुंबावरच पडतो.

तिथे विहार समितीने पुढे यावे. जयंतीच्या डीजेसाठी वर्गणी काढता येते, तर वस्तीतील एका भगिनीच्या सहा फेऱ्यांचे गाडीभाडे काढणे जड नाही. महिला मंडळाने त्या 21 दिवसांचे वार वाटून घ्यावेत: डबा कोणाचा, सोबत कोण, मुलांचा अभ्यास कोण घेणार. आणि यादीत पहिले नाव नवऱ्याचे असावे.