आवाज चढला म्हणून माणूस हिंसक ठरत नाही

समुपदेशनाला आलेला माणूस उद्या कुणाच्या जिवावर उठेल का, हे ओळखणे मानसोपचारातले अत्यंत अवघड काम आहे. आमचा सवाल एवढाच आहे की, हे काम करताना जातीचा चष्मा उतरवला जातो का?

वस्तीतला पोरगा अन्यायाविरुद्ध मोठ्याने बोलला की 'डोक्याने तापट आहे, कधी काय करील नेम नाही' असा शिक्का बसतो. उलट एखादा घरंदाज बाप चहा पीत पीत शांतपणे म्हणतो, 'पोरीने नाक कापलं तर जिती ठेवणार नाही.' ही धमकी आहे. पण तिला सगळे 'बापाची काळजी' म्हणतात.

आम्ही मुदखेडला राहतो. उदाहरणासाठी जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. जानेवारी २०२३ मध्ये पिंपरी महिपाल येथे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या तरुणीला प्रेमसंबंधावरून मारून जाळल्याचा आरोप तिच्या घरच्याच माणसांवर आला. १ जून २०२३ रोजी बोंढार हवेलीत आपल्या तरुणाची हत्या झाली. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, असा आरोप आहे. अशा रागाची चाहूल गावाला आधी लागलेली असते. पण तो 'प्रतिष्ठेचा' राग असल्यामुळे त्याला धोका म्हणून कुणी मोजत नाही.

मग मोजायचे काय? एचसीआर-२० ही जगभर वापरली जाणारी पद्धत आहे. तिच्यात वीस मुद्दे आहेत: दहा भूतकाळाचे, पाच आजच्या मनःस्थितीचे, पाच पुढच्या परिस्थितीचे. पूर्वी हात उचलला होता का? दारू, नशा आहे का? स्वतःवर ताबा राहतो का? सोबतीला कोण आहे? याशिवाय थेट विचारावे लागते: कुणाला मारायचे मनात आहे, कधी, कशाने, हत्यार घरात आहे का? असे विचारल्याने कुणी हिंसक होत नाही. या वीस मुद्द्यांत जात नाही आणि वस्तीही नाही. अर्थात हे भविष्य नव्हे. परिस्थिती बदलली की अंदाजही पुन्हा करावा लागतो.

विद्रोहाला आजार ठरवण्याचा धंदा जुना आहे. अमेरिकेत १९६८ साली दोन मनोविकारतज्ज्ञांनी कृष्णवर्णीयांच्या निषेधालाच मनोविकाराचे नाव दिले होते. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. म्हणूनच २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ३ महत्त्वाचे आहे. सामाजिक दर्जावरून किंवा समाजाच्या रूढ मूल्यांशी न जुळण्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, असे ते बजावते.

याच कायद्याचे कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते. मात्र दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल, तर संरक्षणापुरती माहिती देण्याची मुभाही देते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली तारासॉफ खटल्यात हेच तत्त्व मांडले होते. रुग्णाने एका तरुणीला मारण्याचा इरादा उपचारकाला सांगितला होता, तिला मात्र कुणी सावध केले नाही आणि तिचा जीव गेला.

कार्यकर्त्यांनो, समुपदेशनापासून पळू नका. 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक वस्तीत लिहून ठेवा. आपल्या पोरावर 'हिंसक' शिक्का मारला तर विचारा: कोणत्या कृतीवरून? आणि आंतरजातीय जोडप्याला धमकी आली तर तिचे शब्द, तारीख, साक्षीदार लिहून पोलिसांना लेखी द्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली शक्तिवाहिनी प्रकरणात अशा जोडप्यांच्या संरक्षणाची जबाबदारी पोलीस-प्रशासनावर टाकली आहे. त्याची आठवण करून द्या.

धोका मोजायचाच असेल, तर अन्याय सोसणाऱ्याच्या आवाजाआधी अन्याय करणाऱ्याच्या इराद्याचा मोजा.

जय भीम!